दोन सेकंद

दुपारी तीनला गाडी फिरते, पण धरत नाही.
ख्याँव ख्याँव ख्याँव,
मग उघड्या दाराची नुसती टिंगटिंग.
शेचाळीस डिग्री. स्टिअरिंगवर ओला पंचा.
गणेशपेठच्या स्टँडवर गडचिरोलीच्या बसमधून
वन्सं उतरल्यात, हातात टेंभरांची पिशवी.
त्यांचा फोन : निघालीस काय?
मी म्हणते, निघालेच.

आमच्या त्रिमूर्ती नगरात कुणाला बोलवावं लागत नाही.
बॉनेट उघडलं की माणसं येतात.
तितरमारे काका, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा :
"बॅटरी गेली असन."
हेडाऊंचा रौनक : "धक्का मारू काय, काकू?"
वरच्या गॅलरीतून कुणीतरी :
"पेट्रोल हाय का पण?"

काटा पाव टाकीवर.
मी एकोणतीस वर्षं सायन्स कॉलेजच्या
फिजिक्स लॅबमध्ये होते,
व्होल्टमीटर उलटा जोडणारी पोरं
पोरांची बाप झालेली पाहिली.
तिथे एवढंच शिकले,
की जे चालतंय ते आधी बाजूला काढायचं.
इंजिन फिरतंय, म्हणजे बॅटरी जिवंत.
स्टार्टर जिवंत.
पण हे तोंडातून निघेस्तोवर
काकांनी टर्मिनलवर गरम पाणी ओतलेलं होतं.
तापवावं लागलं नाही. मे महिना, नळाचंच होतं.

मग धक्का.
गाडी कडुनिंबापर्यंत गेली
आणि सावलीत उभी राहिली.
तेवढा फायदा.

नंतर माझं कुणी ऐकलं असं नाही,
सगळे दमले.
तेव्हा मी सांगितलं :
किल्ली अर्धी फिरवली
की मागच्या सीटखाली पंप बोलतो.
झूं. दोन सेकंद.
पेट्रोल पुढे ढकलतो आणि गप्प बसतो.
तो बोलतो की नाही, ते ऐकायचंय.

"ऐकणार कसं?" रौनक म्हणाला.

खरंच, कसं?
गल्लीत अकरा कूलर,
प्रत्येकाच्या पोटात एकेक विमान.
चार महिने आम्ही एकमेकांशी ओरडून बोलतो
आणि मग पावसाळाभर तीच सवय राहते.

काका काही न बोलता घरात गेले.
त्यांचा कूलर घरघरत खाली आला, थांबला.
मग हेडाऊंचा.
रौनक दारोदार धावला,
"दोन मिनिटं बंद करा ना बाप्पा, गाडी ऐकायची हाय."
बान्तेंचा. कोपऱ्यावरच्या पार्लरचा.
एकेक पंखा हळू होत गेला,
आणि गल्लीचा तळ दिसायला लागला.

निंबोळी टपावर पडली, ती ऐकू आली.
कुठेतरी बाळ जागं झालं,
आवाज थांबला म्हणून.
हेडाऊंचे आजोबा पलंगावरून ओरडले,
"कोन गेलं बे?"

कुणी नाही आजोबा.
काका मागच्या सीटवर कान टेकून आडवे,
पाय बाहेर, चप्पल एकच.
रौनकनं श्वास धरला.
गॅलरीतल्या बाईंनी तोंडावर पदर घेतला.
मी किल्ली अर्धी फिरवली.

काही नाही.
पुन्हा फिरवली.
काही म्हणजे काहीच नाही.

"नाही बोलला," काका कुजबुजले,
दवाखान्यात असल्यासारखे.
मी इतकी खूश झाले की त्यांना कळेना,
या बाईला हसायला काय झालं.

डॅशबोर्डखाली फ्यूजची डबी.
निळा, पंधरा अँपिअरचा, नखाएवढा,
आतली तार मधोमध तुटलेली.
का उडाला, ते उद्या बघू.
हॉर्नचाही निळाच होता.
तो काढला, इथे बसवला.

झूं.

आणि गाडीनं धरलं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
सगळे आपापल्या बटणाकडे पळाले.
आरशात मला मागे एकेक कूलर सुरू झालेला
दिसला नाही, वास आला,
ओल्या वाळ्याचा.

रहाटे कॉलनीच्या चौकात मी काच खाली करून
"सरका ना हो" म्हणत गेले.
नागपुरात हॉर्नशिवाय गाडी,
लोक वळून पाहत होते,
एकानं तर हात जोडले.

स्टँडवर वन्सं पाठमोऱ्या उभ्या.
इंजिन बंद करायची हिंमत नव्हती.
तसंच घरघरत ठेवलं,
उतरले, उन्हातून गेले,
दंडाला धरून त्यांना आणलं.
टेंभरं पार मऊ झाली होती.

"एवढी चालत आलीस," त्या म्हणाल्या,
"हॉर्न वाजवायचा ना."